शनीपर्यंतचा दीड तास

नाशिक, फेब्रुवारी १९८२

प्रिय जयराम,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने पडला. सात वर्षं तसंच लिहीत आले. आता खोडत बसत नाही, तेवढी शाई तुझ्यावर कशाला खर्च करू?

डिसेंबरमधला तुझा सत्कार इथे अजून गाजतोय. गंगापूर रोडवर लोक मला थांबवून विचारतात, “तुमचे इंजिनिअर पुन्हा कधी येणार?” काय तो थाट! सभागृहाच्या आतसुद्धा काळा चष्मा, गळ्यात हार, आणि ‘आमचं व्हॉयेजर यान’ असं म्हणत होतास, जणू तुझ्या परसातच बांधलंय. यान शनीजवळून गेलं तेव्हा त्याच्याशी बोलणाऱ्या रेडिओपाशी तूच बसला होतास म्हणे. कड्यांजवळ काहीतरी बिघडलं, तुला पडद्यावर दिसलं, तू बटण दाबलंस आणि यान वाचलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट. माझ्या नववीच्या वर्गातल्या मुलीही टाळ्या पिटत होत्या.

मी पिटत नव्हते. तू अमेरिकेला गेल्यापासून या विषयावरचं मिळेल ते वाचत आले, तुझ्याशी बोलताना कमी पडू नये म्हणून. त्या यानाच्या रेडिओची ताकद घरातल्या दिव्याहूनही कमी. शनीवरून येता येता त्याचा आवाज इतका क्षीण होतो, की तो ऐकायला मैदानाएवढी तबकडी आकाशाकडे रोखून ठेवावी लागते. वाचताना माझ्या अंगावर काटा यायचा. म्हणून मी उभी राहिले आणि विचारलं, की शनीवरून संदेश यायलाच जवळजवळ दीड तास लागतो, तुझा हुकूम पोचायला आणखी तेवढाच. मग तोवर यान तुझ्यासाठी थांबलं होतं का? तू हसलास. सभेकडे वळून म्हणालास, “बाई मराठी शाळेत शिकवतात. त्यांचा रेडिओ आकाशवाणीचा. आमचा अमेरिकन आहे, ताबडतोब पोचतो!” सगळं सभागृह हसलं. माझ्या मुली खाली माना घालून बसल्या.

दुसऱ्या दिवशी तुझी आई आत चहा करत होती, तेव्हा मी तुला अंगणात गाठलं. तिथे मात्र तुझा आवाज एकदम बारीक झाला. कबूल केलंस, की तू तिथे एका दुकानात टीव्ही दुरुस्त करतोस. ती तबकडी तू एकदाच, कुंपणाबाहेरून पाहिली आहेस. “गप्प राहा विमल, लग्न झालं की सगळं नीट होईल,” हे तुझं उत्तर.

जयराम, टीव्ही दुरुस्त करणाऱ्याशी मी आनंदाने लग्न केलं असतं. पण स्वतःला उत्तर येत नाही म्हणून विचारणारीचंच हसं करणारा माणूस मला नको. आणि थाप मारायचीच होती, तर निदान नववीचं पुस्तक तरी चाळायचंस. तेवढेही कष्ट घेतले नाहीस. नाशिकच्या लोकांना एवढी थाप पुरे, असं वाटलं तुला.

तरी हे सगळं मी मनातच ठेवलं असतं. पण गेल्या रविवारी तुझा धाकटा भाऊ भिकन मनमाडहून आला. रेल्वेतली नोकरी सोडायला निघाला होता. तबकडीवर तुझ्या हाताखाली त्याला लावून घेशील, असा शब्द दिला होतास ना त्याला? मी त्याला आणि तुझ्या आईला समोरासमोर बसवून खरं ते सांगितलं. भिकन म्हणाला, “वहिनी, निदान मला तरी खरं सांगायचं होतं त्याने.” नोकरी त्याने सोडलेली नाही. त्याला मी सांगितलंय, यापुढे मला ताई म्हण. तुझी आई रडली नाही. तिने एवढंच विचारलं, “तिथं नीट जेवतो का गं तो?” मला माहीत नव्हतं. हे पत्र त्याचसाठी. तिला उत्तर कळव, आणि एकदा तरी खरं लिही. मला लिहू नकोस.

आता तुझी कुणीच नसलेली,
विमल