परवडणारं बिडाचं भांडं

१४ मार्च, दुपार

बाळ,

तुला आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे सोडले तर. तू नीट जेवत असशील अशी आशा.

तू मला विचारलं नव्हतंस, हे ठाऊक आहे. तुझी चिठ्ठी आमच्या दुकानातल्या पॅकिंगवाल्या मावशींना होती. त्यांनी ती माझ्या काउंटरवर आणून ठेवली. म्हणाल्या, "एनॅमलचा लेप दिलेलं बिडाचं भांडं हवंय तिला, परवडेल असं. मला यातलं ओ की ठो कळत नाही, तुम्हीच लिहा." म्हणून लिहिते. सतरा वर्षं भांडी विकली, तेवढं तरी तुझ्या कामी येऊ दे.

नावाजलेल्या कंपनीच्या मागे लागू नकोस. बीड सगळीकडे बीडच. फरक पडतो तो लेपात. भांडं खिडकीशी नेऊन तिरकं धर. आत बुडबुडे किंवा टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर ठेवून दे. झाकण ठेवून बोटाने दाबून बघ, डुगडुगायला नको. आतला रंग फिका घे, गडद रंगात करपलेलं वेळेवर दिसत नाही. दुकानात मागच्या फळीवर थोडी खोट असलेला माल असतो, तो निम्म्यात मिळतो. बाहेरून टवका उडालेला चालेल, आतून नको. रिकामं तापवू नकोस, आणि उलथनं लाकडीच वापर.

कान मोठे बघ, फडक्यासकट चार बोटं आत गेली पाहिजेत. तीन लिटरचं घे. पाचचं भरल्यावर तुझ्या मनगटाला पेलायचं नाही.

मनगटाचं लिहायचं नव्हतं. लिहून गेले.

थंडीत दुखतं का गं अजून? हाड बसवणाऱ्या डॉक्टरांनी तुला विचारलं होतं, "कसं झालं?" तू तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "भांडं हातातून निसटलं." तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि मग भिंतीकडे. बाराव्या दिवशी तू घर सोडलंस. मी सगळ्यांना सांगत राहिले की सून तापट आहे, येईल परत.

निसटलं नव्हतं. त्याने फेकलं. मी दारात उभी होते, दोन पावलांवर. त्याआधीही तो मारायचा तेव्हा मला ऐकू यायचं. मी नळ मोठा सोडायचे.

तुझ्या वकीलबाईंचा कागद डिसेंबरात आला, साक्ष द्याल का म्हणून. मी तो साड्यांच्या घडीत ठेवला. तो म्हणाला, "आई, तू आतल्या खोलीत होतीस. तुला काही दिसलं नाही." रोज सकाळी चहाबरोबर तेच. पोटचा पोर आहे, मीही मान हलवायचे. हलवून हलवून थकले, बाळ. यात शूरपणा नाही, नुसता थकवा आहे.

मंगळवारी अर्धी रजा टाकून वकीलबाईंकडे गेले. पाहिलं ते सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. डॉक्टरांपुढे मी खोटं बोलले, हेही त्यात आहे.

संध्याकाळी जेवताना त्याला सांगितलं. "मी खरं लिहून दिलंय."

"माझ्याविरुद्ध?"

"जे पाहिलं ते."

त्याने हात उचलला नाही. खुर्ची मागे सारून उभा राहिला, एवढंच. पण मी ताटावरून उठून दाराशी जाऊन उभी होते, हे माझं मला नंतर कळलं. साठी उलटली, स्वतःच्या मुलापासून पळायला दार शोधत होते. तू त्या घरात चार वर्षं कशी काढलीस, हे मला तेव्हा उमगलं.

आता मावशींकडे राहते. त्यांच्या मधल्या खोलीत माझी पिशवी आणि एक गादी आहे. तो फोन करतो. मी उचलते, तो रडतो, मीही रडते, पण सही मागे घेत नाही.

माफ कर म्हणायला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही. उत्तर लिहू नकोस. पुढच्या महिन्यात कोर्टात समोर येईन तेव्हा सवयीने उठून मला जागा देशील, ती देऊ नकोस. मला जे बोलायचंय ते उभ्यानेच बोलू दे.

तुझी,
आई म्हणायचीस ती