फिर्मिनचं बंद शटर

२ मार्च
संकल्प: उन्हाळ्याच्या आत फिर्मिनचं दुकान बंद पाडायचं. सख्खा मोठा भाऊ असला म्हणून काय झालं? रस्त्यापलीकडे बसून कंपनीची ओरिजिनल कार्ट्रिज विकतो. त्या भावात नवा प्रिंटर येईल. मी रिकामी कार्ट्रिज शाई भरून देतो, निम्म्याहून स्वस्त. आमच्या आलस्ट गावच्या लोकांना अक्कल आहे. त्याची किंमत ऐकतात आणि तडक माझ्याकडे येतात.

९ मार्च
शाळेच्या लेसाज बाई कार्ट्रिज परत घेऊन आल्या. प्रिंटरने रात्री आपोआप अपडेट घेतला, आता माझी शाई ओळखत नाही. म्हणाल्या, कालपर्यंत तर चालत होता. मी म्हटलं, कालपर्यंत तो प्रामाणिक होता.
सगळं फिर्मिनच्या कंपनीचं कारस्थान. जाब विचारायला जाणार नाही. आधी त्याने यावं. बाबांच्या अंत्यविधीनंतर, कॉफी पिताना, सगळ्या नातेवाइकांदेखत म्हणाला होता, "लुडो, तुझी शाई गळते." रस्ता ओलांडायला त्याला काही व्हिसा लागत नाही.

१४ मार्च, सकाळी
फिर्मिनचं शटर खाली!

संध्याकाळी
अजून खालीच. जिंकलो. फ्राइज आणले, मेयोनीज जास्तीचं. एकट्यानेच खाल्ले.

२१ मार्च
बेकरीवाला रोमां विचारत होता, भावाला बघायला गेलास की नाही. फिर्मिन म्हणे हॉस्पिटलमध्ये आहे. यकृत. दुकान बुडालं की माणूस असं काहीतरी काढतोच. तरी रविवारी जाऊन येईन. मी काही दगड नाही.

२६ मार्च, रविवार
फुलं घेऊन हॉस्पिटलच्या पार्किंगपर्यंत गेलो. जागा नव्हती. एक होती, पण अरुंद. शिवाय त्याला वाटलं असतं, मी माफी मागायला आलोय. पुढच्या रविवारी नक्की.
फुलं दुकानात ठेवली. गिऱ्हाइकांना प्रसन्न वाटेल.

३० मार्च
कमाल आहे. समोर कोणी नाही, म्हणजे अख्खं गाव माझ्याकडे यायला हवं. आठवडाभर चिटपाखरू नाही. कारणं: ईस्टर जवळ आलाय. लोक हल्ली छापत नाहीत. माझा बोर्ड लहान आहे. मोठा सांगितला, पिवळा.

१ एप्रिल
पहाटे फिर्मिनच्या बायकोचा, गोडेलिव्हचा फोन. फिर्मिन गेला. तारीख बघून मी तिच्यावर ओरडलो, असली थट्टा करतात का म्हणून. तिने फक्त तो गेल्याची वेळ सांगितली. मग मला कळलं.
उद्या रविवार होता.

५ एप्रिल
अंत्यविधी झाला. चर्चमध्ये त्याच्या फोटोचं कार्ड दिलं, ते खिशात आहे. छपाई उत्तम. ओरिजिनल शाई असणार.
कॉफीच्या वेळी गोडेलिव्ह शेजारी येऊन बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, धंदा एकदम पडलाय, का ते कळत नाही. ती म्हणाली, "तुला खरंच माहीत नाही? अरे, कोणी किमतीला कचरलं, की फिर्मिन त्यांचा प्रिंटर कुठला ते विचारायचा. तुझी शाई चालणार असेल तर उठून दारापर्यंत जायचा आणि तुझं दुकान दाखवायचा. म्हणायचा, समोर माझा धाकटा भाऊ आहे, हात चांगला आहे त्याचा. मी म्हणायची, अरे, तो तुझ्याशी बोलतसुद्धा नाही. तर म्हणायचा, पोट तर भरायला हवं ना त्याचं."
मी म्हटलं, धंद्यात असं करून चालत नाही. ती हो म्हणाली.
घरी येऊन रडलो. खूप रडलो. जेवलो नाही.

११ एप्रिल
नऊला दुकान उघडलं. पिवळा बोर्ड लागलाय, लांबून दिसतो. दहाच्या सुमाराला एक बाई फिर्मिनच्या शटरवरची सूचना वाचत उभी होती. हातात रिकामं कार्ट्रिज. मी काचेतून हात हलवला. तिचं लक्ष नव्हतं. बोर्डाकडेसुद्धा नाही. शेवटी बाहेर पडलो आणि रस्ता ओलांडला. पोचेपर्यंत ती निघून गेली होती.
जरा वेळ त्याच्या दारात उभा राहिलो. इथून माझं दुकान कसं दिसतं, ते कधी बघितलंच नव्हतं. आतपर्यंत स्वच्छ दिसतं. आत कोणी नव्हतं.