अठ्ठेचाळीस बाटल्यांतला समुद्र

उरवडे, ता. मुळशी
२६ सप्टेंबर १९८४

प्रिय मित्र सिराज यास,

आनंदाचा सप्रेम जय भीम, आणि त्याला जोडून तुझा सलामही. होडीवरून उतरल्यावर तुझं पोट जाग्यावर आलं असेल आणि अम्मींचा गुडघा कारवारच्या दमट हवेतही दोन पावलं चालू देत असेल, अशी आशा करतो. यापुढे ‘इकडील सर्व क्षेम’ असं लिहायची पद्धत आहे, पण ते लिहिता येत नाही. आबा गेले, हे तुला तारेतून कळलंच आहे. तुझ्या पत्रात दोन प्रश्न होते : वडील कसे गेले, आणि बाटल्यांचं काय झालं. (दुसरा प्रश्न सरांनी तुझ्याकडून लिहवून घेतला असणार, अक्षर तुझं असलं तरी घाई त्यांची आहे.) दोन्हींचं उत्तर एकच आहे आणि ते लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

त्या सोमवारी आपण दोघांनी ती पेटी एसटीच्या मागच्या बाकाखाली कोंबली, ते तुला आठवतच असेल. आत गोठवलेल्या अठ्ठेचाळीस बाटल्या, त्यांच्यामध्ये बर्फ, बर्फावर मीठ आणि वरून गोणपाट. संस्थेतलं पाणी तपासायचं आपलं यंत्र जूनपासून आजारी, पुण्यातल्या यंत्रावर आपली पाळी शुक्रवारची, आणि आदल्याच दिवशी आत्याची तार आलेली की आबा सीरियस. एका फेरीत दोन्ही कामं होतील, असं मी तुला स्टँडवर मोठ्या शहाणपणानं ऐकवलं. (तू गप्प राहिलास. कधी नव्हे ते बोलायला हवं होतंस.) कंडक्टरनं पेटीत काय आहे विचारलं, तेव्हा खरं बोलावं म्हणून मी समुद्राचं पाणी म्हणून सांगितलं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीतून गळणाऱ्या धारेकडे, आणि मासळी धरून सामानाचं तिकीट फाडलं. शेजारच्या बाई निपाणीपर्यंत नाकाला पदर लावून बसल्या. वास कसलाच नव्हता, पण तिकिटावर मासळी होती ना! कोल्हापूरला बर्फ बदलला, साताऱ्याला मीठ घातलं, आणि मंगळवारी दुपारी पेटी डोक्यावर घेऊन मी उरवड्यात शिरलो.

आता इथली हकीकत. आबांची दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी पाठवताना एक कागद दिला होता, त्यात दिवसाला दोन फुलपात्रं पाणी, त्यावर थेंब नाही, असं लिहिलेलं. आबा म्हणायचे, जवानीत गावानं विहिरीवर पाणी भरू दिलं न्हाई आन् म्हातारपणी डाक्टर भरू देईना. (ही थट्टा आबांचीच. माझी असती तर मी इतकी हसत सांगितली नसती.) तहानेनं त्यांची जीभ टाळूला चिकटायची. कागदाच्या तळाशी लिहिलं होतं की अधूनमधून बर्फाचा खडा चघळायला द्यावा. उरवड्यात बर्फ! लिहिणाऱ्याला मुळशी तालुका नकाशावरसुद्धा ठाऊक नसावा. आणि अशात मी दारात पेटी उतरवली, गोणपाट उचललं, आतून गार वाफ निघाली. आबांनी मान वळवून पाहिलं आणि रंभाआत्याला म्हणाले, “बग गं, एवढ्या लांबनं पोरानं माज्यासाठी पेटीभर बरफ आणलाय.”

मी ते खोडून काढायला हवं होतं. आळी जमली होती, आत्या डोळे पुसत होती, मी म्हटलं नंतर सांगू. आत्या आबांची धाकटी बहीण. आई गेल्यापासून हे घर तिच्याच हातावर चाललंय. तिनं पेटीतला एक खडा मीठ धुऊन फडक्यात घालून फोडला आणि चमच्यानं आबांच्या जिभेवर ठेवला. त्यांनी डोळे मिटून तो असा चघळला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

बुधवारी त्यांना जरा हुशारी होती. बाटल्यांत काय आहे ते विचारलं. मी आपलं नेहमीचं व्याख्यान त्यांना झेपेल असं दिलं : समुद्रात जे जे मरतं ते तळाशी जातं. तिथे डोळ्याला न दिसणारे जंतू असतात. ते आपल्या अंगातून एक रस बाहेर सोडतात, त्या रसानं मेलेल्याचे तुकडे होतात आणि त्यातलं खत मोकळं होतं. पावसाळ्यात वारा वरचं पाणी लोटून नेतो, मग खालचं गार पाणी किनाऱ्याशी वर येतं, सोबत ते खत येतं, त्यावर शेवाळ पोसतं आणि शेवाळावर मासे. ते जंतू नसते तर सगळा समुद्र मढ्यांनी भरून उपाशी मेला असता. आबा म्हणाले, “म्हंजी तितंबी मेलेलं उचलायचं काम कुनाच्या तरी वाट्याला हायेच म्हन की.” मी व्हय म्हटलं. (इथे आलो की दोन दिवसांत माझं ‘हो’ सुटतं.) तर म्हणाले, “छप्पन साली आमी त्ये काम सोडलं. तुला शिकवला, लांब धाडला, आन् तू जाऊन त्येच हुडकून काढलंस व्हय रं?” आणि हसायला लागले, खोकला येईपर्यंत. खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं की त्या जंतूंना त्याचं काय मिळतं. मी म्हटलं, सुटलेल्या खतातला थोडा वाटा ते स्वतः खातात. “मग बरं हाय त्येंचं. आमाला शिव्या मिळायच्या.” सिराज, आजवर दोन परिषदांत निबंध वाचला, पण विषयाच्या गाभ्याला हात घालणारा एवढाच श्रोता मला भेटला.

पण बर्फ संपत होता. बाटल्या वितळल्या की जंतू पुन्हा कामाला लागणार, आतला रस वाढणार, आणि यंत्रावर येणारा आकडा कारवारच्या समुद्राचा न राहता माझ्या पेटीचा होणार, हे तुला सांगायला नको. मी दर दोन तासांना एक खडा असा नियम केला. आबा नियम पाळत. सगळा जन्म दुसऱ्यांचे नियम पाळलेला माणूस, त्यांना त्यात नवीन काही नव्हतं. गुरुवारी ऊन असं पडलं की दुपारपर्यंत पेटीत चार बोटं बर्फ उरला. तेव्हा मी आबांसाठी बर्फ आणायला सायकल काढून पौडला निघालो.

पौडला बाजारात रफीकभाईंचं सोडावॉटरचं दुकान आहे. भुशात पुरलेली अर्धी लादी त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकासाठी राखली होती, देईनात. वडील आजारी आहेत म्हटल्यावर मात्र काही न विचारता लादी उकरून काढली, पोत्यात बांधली, कॅरिअरला आवळून दिली आणि “थांबू नगा, बिगी बिगी जावा” म्हणाले. मी बिगी बिगी आलो. बर्फाचं पाणी मागच्या चाकावर, चाकावरनं पाठीवर, असा भिजत, कुडकुडत, भर उन्हात. वाटेत ज्यांनी पाहिलं त्यांना ते आयुष्यभर पुरेल.

आलो तर अंगणातल्या दगडी कट्ट्यावर माझ्या अठ्ठेचाळीस बाटल्या ओळीनं पालथ्या घातलेल्या. राखेनं घासून लखलखीत केलेल्या, वरच्या चिठ्ठ्यासुद्धा नखानं खरवडून काढलेल्या. स्थळ नाही, खोली नाही, तारीख नाही. होडीवरचे आपले नऊ दिवस केळीच्या आळ्यात ओतलेले. सिराज, मी सायकल टाकली आणि ओरडलो. दोन वर्षांचं काम धुऊन टाकलंस, माझी नोकरी गेली, डोकं आहे का तुला, असं बरंच. आत्या उंबऱ्यात आली. हात कोपरापर्यंत राखेचे. म्हणाली, “वरडू नगं, आनंदा. दादा गेलाय.”

आता तुला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. घरात माणूस गेलं की भरलेलं सगळं पाणी ओतून टाकायचं आणि भांडी घासून पालथी घालायची. आम्ही धम्म घेतला तेव्हा देव गेले, नवस गेले, अंगारेधुपारे गेले, पण ही एक रीत आत्याच्या हातात राहून गेली. आबा तिच्या मांडीवर गेले. घरात दुसरं कुणी नाही, आळी शेतावर. तिनं त्यांचे डोळे मिटले, आजूबाजूला पाहिलं, आणि भरलेलं पाणी ओतायला घेतलं. हंडा, घागर, कळशी, तांब्या आणि अठ्ठेचाळीस बाटल्या. तिच्या लेखी तेही घरातलं भरलेलं पाणीच. अंगणात हंड्यापासून फुलपात्रापर्यंत सगळं पालथं पडलं होतं. गावातल्या कुणालाही ते वाटेवरूनच कळलं असतं. मी दोन पदव्या घेतलेला माणूस, मला फक्त बाटल्या दिसल्या.

जाण्याआधी तिनं पेटीतला उरलेला बर्फ सगळाच्या सगळा आबांना दिला होता. जिभेवर, कपाळावर, तळव्यांना. त्यांनी थांब म्हटलं नाही. शेवटी फक्त “दात वाजाया लागले गं” म्हणाले आणि हसले, असं ती सांगते. मी आणलेली अर्धी लादी कॅरिअरवरच वितळली. तिचं काय करायचं हे कुणालाच सुचलं नाही.

रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आमच्या कोंडिबा गुरुजींनी भाषण केलं. वडिलांच्या जिभेवर थंडावा पडावा म्हणून उन्हातान्हात सायकलनं पौड गाठणारा मुलगा, असं माझं वर्णन करून त्यांनी पोरांना माझा आदर्श ठेवायला सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी मान खाली घालून बसलो होतो, तर तीही माझी नम्रता ठरली.

आत्याचं मात्र ठीक नाही. मी जे ओरडलो ते तिच्या मनातून जात नाही. “तुजी नोकरी जाईल का रं?” हे दिवसातून चारदा. परवा सकाळी उठून बघतो तर अठ्ठेचाळीस बाटल्या पुन्हा भरून, बुचं लावून, पेटीत हारीनं उभ्या. विहिरीचं पाणी आणि त्यात मीठ. मला म्हणाली, “चव बगून सांग, तेवढंच खारट झालंय का. कमी असंल तर आजून घालते.” मी चव पाहिली आणि बरोबर आहे म्हटलं. काय म्हणणार होतो? दिवसाला एकच चपाती आणि दोन घोट चहा, एवढ्यावर ती त्या गुरुवारपासून दिवस काढते आहे.

असो. सरांना माझा नमस्कार सांग. रजेचा अर्ज वेगळा पाठवला आहे. मुक्काम अजून आठवडाभर इथेच. अम्मींना सलाम.

तुझा,
आनंदा गेणबा ओव्हाळ

ता. क. – आत्याचं मिठाचं पाणी ओतून रिकाम्या बाटल्या पेटीतून परत पाठवतो आहे. त्या आरशासारख्या दिसतात म्हणून फसू नकोस, राखेत फॉस्फरस असतो, म्हणजे आपण समुद्रात शोधतो तेच खत. आम्लानं तीनदा धुतल्याशिवाय त्यांत समुद्र भरू नये, नाहीतर सरांना कारवारपाशी चुलीचा शोध लागेल.

ता. क. २ – पत्र खरं तर ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. संस्थेच्या छापील कागदावर, शिक्का मारून, माझ्या आत्याच्या नावे चार ओळी लिही : श्रीमती रंभाबाई यांस कळविण्यात येते की त्या बाटल्यांतील पाणी आधीच तपासून झाले होते, ते टाकूनच द्यायचे होते, आणि बाटल्या इतक्या स्वच्छ धुऊन दिल्याबद्दल संस्था आभारी आहे. यातलं एक अक्षरही खरं नाही, हे मला ठाऊक आहे. तू खोटं लिहीत नाहीस, हेही ठाऊक आहे. तरी लिही. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन. सरांना मात्र खरं सांग, की नमुने गेले आणि ते माझ्यामुळे गेले.

ता. क. ३ – वर मी आबांसाठी बर्फ आणायला पौडला गेलो असं लिहिलं आहे. गुरुजींनीही तेच सांगितलं, आणि रफीकभाईंनीही त्याच्यावरच लादी दिली. मी बाटल्यांसाठी गेलो होतो. निघताना आबांनी खडा मागितला. त्या वेळी पेटीत चार बोटं बर्फ होता. दोन तास व्हायचेत, आल्यावर देतो, असं मी म्हणालो. आणि माझ्यामागे आत्यानं उघडू नये म्हणून पेटीला दोरी बांधून गेलो. गाठ मी इतकी आवळली होती की तिला ती विळ्यानं कापावी लागली. हे गावात तिच्याशिवाय कुणालाही माहीत नाही, आणि तिनं ते कुणाला सांगितलेलं नाही, मलासुद्धा बोलून दाखवलेलं नाही. ती माझीच माफी मागत फिरते आहे. पत्र लवकर पाठव.