करंजाची अंघोळ

प्रिय अहो आई,

आज सकाळी आपल्या दारातल्या करंजाला अंघोळ घातली. हळदीचं पाणी, त्यात कडुलिंबाचा पाला, तुम्ही सांगायचात तसंच. हे तुम्हाला कळवल्याशिवाय कॉलेजला जाववेना. झाड राहिलं, आई. आपण जिंकलो.

पानांवर पहिल्यांदा पुटकुळ्या उठल्या तेव्हा शेजारचे सुंदरम् कुंपणाशी येऊन म्हणाले होते, "मामी, हे रोगट झाड तोडून टाका. माझ्या आंब्याला लागेल." तुम्ही पान उलटंपालटं करून पाहिलंत. "रोग कुठला? अम्मै आलीय त्याला."

अम्मै म्हणजे कांजिण्या, म्हणजे देवी घरात. ती असेपर्यंत औषध नाही, फवारणी नाही, कुऱ्हाडीचं तर नावच नको. ती उतरली, अंघोळ झाली, की मग बघू. सुंदरम् झाडाला हात जोडून परत गेले.

मला हसू आलं, तर म्हणालात, "कसाला हसतीस ग? तुझ्या पुस्तकातल्या मराठीत देवी येत नाही काय?" साताऱ्याहून कुंभकोणमला आले त्या दिवसापासून माझी मराठी तुम्हाला पुस्तकातली वाटायची आणि मला तुमची, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेली, पोथीतली.

अंघोळीचा दिवस मात्र उगवेना. जुनी पानं गळत, पोपटी पालवी येई आणि तिच्यावर पुन्हा तेच. सुंदरम् विचारत, "मामी, उतरली का?" तुम्ही तांदूळ निवडता निवडता म्हणत, "अजून आहे." अशी किती वर्षं काढलीत! खरं सांगा, तो विश्वास होता की युक्ती? एवढं जवळ राहून मला एकदाही सांगितलं नाहीत, याचा थोडा राग आहेच.

तुम्ही गेलात आणि झाडाला कुणी वाली उरला नाही. सुंदरम् यांनी पालिकेत तक्रार केली. पाहणीला माणूस येणार म्हणून कळलं. तुमची ओट्यावरची सावली जाणार होती. देवीचं नाव घ्यायचं तर माझ्या तोंडून ते कुणाला पटणार?

मग मला येतं तेच मी केलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चांगली पानं आणि पानांवरच्या गाठी वेगवेगळ्या कुटल्या, अर्क काढले, त्यांत रसायन घातलं. चांगल्या पानाची नळी फिकट निळी झाली. गाठींची गडद, शाईसारखी.

पाहणीच्या दिवशी दोन्ही नळ्या ओट्यावर ठेवल्या.

"टीचर, हे काय?" सुंदरम् म्हणाले. "दौत भरताय?"

मी सांगितलं, डोळ्यांना न दिसणारी एक कोळी-कीड कोवळ्या पानात शिरते. पान तिच्याभोवती फुगतं आणि नेमकं तिथे तुरट, कडू द्रव्यं साठवतं. जितकी ही द्रव्यं जास्त, तितका नळीतला निळा रंग गडद. बाकीचं पान हिरवंच राहून झाडाला पोसतं. कीड पुरती मरत नाही, पण तिच्यापायी एवढं मोठं झाडही मरत नाही. आणि ही कीड करंजाचीच. आंब्यावर ती जगत नाही.

पालिकेच्या माणसाने खोडावर थाप मारली, फांद्या हलवून पाहिल्या. "झाड धडधाकट आहे. कशाला तोडायचं?"

सुंदरम् यांनी गडद नळी उचलून उजेडात धरली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मामींची देवी उतरली म्हणायची?"

"उतरली. उद्या अंघोळ."

आज कडुलिंबाचा पाला त्यांनीच त्यांच्या अंगणातून आणला. पहिला तांब्याही त्यांनीच ओतला. मी मागे उभी राहून मनात तुम्हाला म्हणत होते, बघताय ना?

पाणी ओतताना वर पाहिलं. नव्या पालवीवर बारीक पुटकुळ्या दिसायला लागल्याच आहेत. सुंदरम् यांचं लक्ष अजून गेलेलं नाही. उद्या कुणी कुऱ्हाडीची भाषा केली, तर नळ्या आहेतच. पण आधी मी ओट्यावर तांदूळ निवडत बसेन आणि मान वर न करता सांगेन, "अजून आहे." तेही तुमच्या मराठीत. हा माझा शब्द.

तुमची पुस्तकातली सून,
मेधा