पाखरांचा गलका

ता. ४
आलो एकदाच्या! खोकी अजून बांधलेलीच आहेत. ताईची गादी तेवढी अंथरली आणि जिन्यावर बसून हे लिहितेय. घर गल्लीच्या अगदी टोकाला आहे, मागे मोकळं रान, आणि ताईच्या खिडकीसमोर एक जुनं, पोकळ झाड. डेअरीत दूध तपासायची माझी नोकरी पहाटेच्या पाळीची, म्हणजे दुपारपासून मी ताईजवळ. अपघातानंतर तिची मान अशी आखडलीये की समोरचं सोडून काही दिसत नाही. गळ्याला पट्टा लावून ती महाराणीसारखी बसते. तसं म्हटलं तर उशी फेकून मारली. नेम चुकला, बिचारीला वळता कुठे येतंय!

आई गेल्यावर हिनंच मला लहानाचं मोठं केलं. तिची मान पुन्हा वळू दे, मला दुसरं काही नको.

घरमालकीणबाई भिंतीपलीकडेच राहतात. किल्ली देताना हसल्यासुद्धा नाहीत. त्यांचा गलेलठ्ठ बोका मात्र गळ्यातलं घुंगरू वाजवत माझ्या पायांत घोटाळला. या गल्लीत तेवढ्यालाच रीतभात ठाऊक दिसते.

ता. ७
घुबडं! एक नाही, दोन! दुपारी कावळे-चिमण्यांनी आकाश डोक्यावर घेतलं होतं. ताई म्हणाली, जा, बघ, घुबड असणार. लहानपणी तिनंच शिकवलं होतं की दिवसा घुबड शोधायचं ते कानांनी. पाखरं घोळका करून जिथे शिव्या घालत असतात, तिथे ते बसलेलं असतं. गेले, तर ढोलीच्या तोंडाशी दोन पांढरे चेहरे, डोळे मिटून, जणू हा सगळा गलका दुसऱ्याच कोणासाठी चाललाय. झाडाखाली करडे गोळे पडले होते. घुबड शिकार अख्खी गिळतं आणि केस-हाडं गोळा करून ओकून टाकतं. एक गोळा ताईला आणून दिला. तिनं चिमट्यानं उकलला, आतून उंदराची इवलीशी कवटी निघाली. किती दिवसांनी हसली! लगेच तिचा पलंग खिडकीला लावून दिला.

ता. ११
फिजिओ घरी येऊ लागलेत. ताईच्या कानांवर दोन्ही तळवे ठेवून तिची हनुवटी हळूच खांद्याकडे नेतात. घाबरायचं नाही, अंग सैल सोडायचं, आणखी थोडं, आणखी थोडं, असं सारखं पुटपुटत असतात. आज मान खरंच हलली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

गल्लीत मात्र कोणी धड बोलत नाही. दुकानदार पिशवी हातात देत नाही, फळीवर ठेवून मागे सरकतो. कुठे राहते सांगितलं की समोरच्याचं तोंड एवढंसं होतं. आम्ही यांचं काय घोडं मारलंय?

ता. १५
आता एकच घुबड दिसतं. आणि पाखरांना काय झालंय कोण जाणे, झाड सोडून ती ताईच्या खिडकीवर तुटून पडतात. चिमण्या काचेवर आपटतात, कावळे चोची मारतात. ताईचे कान किटले. म्हणाली, छोटे, हाकल त्यांना, मला झोपू दे. मी पत्र्याचा डबा बडवला. झाडाला आणि खिडकीला जाळी बांधली.

घरमालकीणबाई धावत आल्या. म्हणाल्या, पाखरांना हाकलू नका हो, ती ओरडतात म्हणून आम्हाला कळतं ते कुठे आहे. कोण, म्हणून विचारलं, तर नुसतं ताईच्या खिडकीकडे बघितलं आणि चालत्या झाल्या. माझं डोकंच फिरलं. आजारी माणसाबद्दल असं बोलतात? मी दुप्पट जोरानं डबा बडवला.

ता. १७
शांतता. एकही चिमणी नाही. ढोलीही रिकामी.

ताई दिवसभर झोपते, बसल्या बसल्याच. ताट तसंच परत येतं. पण मान! पट्टा तिनं स्वतःच काढून टाकला. हनुवटी सहज खांद्यावर टेकते. मला आनंद झालाय. व्हायलाच हवा.

ता. १९
फिजिओ पळाले. बॅग, चपला इथेच. फाटकातून ओरडले की एवढी मान वळत नसते, हाडं आड येतात.

मी ताईच्या खोलीत गेले. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती — म्हणजे अंग खिडकीकडे. चेहरा माझ्याकडे.

भिंतीपलीकडे घरमालकीणबाई बोक्याला हाका मारतायत. सकाळपासून.

ता. २०
ताईच्या पलंगाखाली गोळा. करडा, ओला. माझ्या मुठीत मावेना. उकलायला नको होता — केस, हाडं, आणि मधे घुंगरू.

घरमालकीणबाईंना अंगणाच्या भिंतीवरून ते घुंगरू दिलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता निघ, एकटी. मी म्हटलं, ताईला टाकून जाणार नाही. त्यांनी हात जोडले. मग फाटकावर साखळीचा आवाज. बाहेरून. सगळी गल्ली जमली होती. कोणी वर बघितलं नाही.

ता. २१
जाळ्या फाडल्या. अंगणभर दाणे टाकले. या ना गं. एक तरी या. शिव्या घाला, काच फोडा — ती घरात कुठे आहे ते मला कळत नाही. तिच्या पावलांचा आवाजच होत नाही. पाखरं असती तर —

मीच हाकलली. मीच.

ता. २२
कडी आतून लावलीये. तरी पाठीमागे —

रागावलेली नाही. छोटे, म्हणते. दूध तपासून तपासून तुझीही मान आखडलीये, म्हणते —

काचेवर एक चिमणी. एकच. जीव तोडून ओरडतेय —

तळवे माझ्या कानांवर. ऊबदार. चिमणी आता ऐकू येत नाही. घाबरायचं नाही, म्हणते. अंग सैल सोड —

कपाट दिसतंय. आता दार. आणखी थोडं, म्हणते — मागची भिंत — आणखी — आता ताईचा चेह