पडद्यावरच्या वांग्याला पाणी

वाशिम, १२ जानेवारी २०२५

ती. उत्तमदादांस,
शीलाचा सा. न. वि. वि.

वाचनालयातला झाडांचा पडदा सुरू झाला. काचेवर बोट फिरवून पाणी घातलं की वांग्याचं रोप वाढतं, मातीखालची मुळंही दिसतात. पाणी जास्त झालं की पानं पिवळी पडतात आणि वहिनी रागावतात: बेतानं द्या, वांगं हाय, म्हैस नाही! पडदा बनवणाऱ्या सतीशनं त्या हयात असताना तुमच्याच मळ्यात त्यांच्या आवाजात ही मोजकी वाक्यं टिपली होती. मुलं मुद्दाम रोप बुडवून हसतात. मला मात्र त्या खोलीत पडद्याकडे पाठ करून उभं राहवत नाही.

आता वहिनी नाहीत, तर आवाज ठेवायचा की पुसायचा, हे सतीश तुम्हाला विचारतो. पुसला तर तो दुसरीकडे कुठेच नाही. एकदा येऊन ऐका, मग सांगा.

लोभ आहेच, तो आटू देऊ नये.
तुमची शीला

मेडशी, २ फेब्रुवारी

चि. शीलास अनेक आशीर्वाद.

तुले न सांगता येऊन गेलो. पाणी घातलं, ती रागावली. पुन्हा घातलं, पुन्हा रागावली. मागं पोरं खोळंबली. एक पोरगी म्हणे, आबा, किती बुडवता, मेलं ते!

खरं सांगतो. गेल्यापासून प्रयाग, तुही वहिनी, मळ्यात रोज बोलत होती. कधी माह्या मळक्या टोपीवरून, कधी तुह्या लाडांवरून. रोज नवं. पडदा ऐकल्यापासून इथंही तेवढंच म्हणते, म्हैस नाही, म्हैस नाही. बाकी गप. तिनं दुसरं काही बोलावं म्हणून पाणी सोडून बसून राह्यलो. वांग्याच्या दोन सऱ्या उभ्या सडल्या. शेजारी म्हणतात, म्हातारा काहून असा करून राह्यला?

तो आवाज पुसून टाक. माही बायको मले परत दे.

माया अशीच असू दे.
तुहा दादा

वाशिम, ९ फेब्रुवारी

ती. दादांस, सा. न.

सतीशनं पुन्हा विचारलं, नक्की ना? शेवटचं म्हणून मी रोपाला पाणी घातलं. वहिनी रागावल्या. मग पुसलं.

आता पानं नुसतीच पिवळी पडतात. मुलं क्षणभर वाट पाहतात आणि पुढच्या झाडाकडे जातात. दादा, मी बरोबर केलं ना? मळ्यात काही ऐकू येतं का?

उत्तराची वाट पाहणारी,
शीला

मेडशी, २७ फेब्रुवारी

चि. शीलास आशीर्वाद.

लय दिवस काहीच नाही. मले वाटलं, दोन्हीकडून गेली.

काल कोथिंबिरीच्या वाफ्यात तण काढत वाकलो होतो, तं मागून म्हणाली, शीलाबाई तिकडं एकट्याच रडत असतील, निंदण राहू द्या, आधी पत्र टाका.

म्हणून हे पत्र.

तुहा दादा