खटक्यावरची चिकटपट्टी

बाबा,

विजेच्या करवतीची साखळी काढून मी सोबत कल्याणला कामावर नेत आहे; रागावू नका. खटक्यावर तुम्ही चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली. खटका असा बांधला, की हातातून करवत निसटली तरी साखळी फिरतच राहते.

‘अरे, जन्म गेला माझा सुतारकामात,’ म्हणाल. मान्य. पण तुमच्या बोटांना आता खटका दाबून धरवत नाही, हे तुम्ही सांगितले नाहीत आणि मीही धीर करून विचारले नाही.

अंगणात पडलेली फांदी रविवारी मी कापेन. तुम्ही शेजारी उभे राहून हवे तेवढे ओरडा.

आज संध्याकाळी सहाला डॉक्टरांकडे तुमचा नंबर लावला आहे; त्याआधी मी घरी येतो. आईला काही बोललेलो नाही. तुमच्या शर्टाची बटणे मी आल्यावर लावून देईन.

सम्यक